पारनेरा, तिथल आणि नऊ रोट

माझा साडू नितीन याने कॅरिबियन समुद्र आमच्या जेवणाच्या टेबलावर आणला, तेव्हा माझ्या ताटात गिलक्याची भाजी होती. समुद्र मोबाइलमध्ये होता. मी बघायला म्हणून बोट लावलं, तर बोटाचं तेल समुद्राला लागलं आणि फोटो पुढे सरकला.

"हात नका लावू, दिलीपराव," नितीन म्हणाला. "नुसतं बघा."

नितीन पुण्याचा, चार दिवस एकटाच आमच्याकडे पाहुणा आलेला. त्याच्या कंपनीने चांगलं काम करणाऱ्यांना कॅरिबियनच्या एका रिसॉर्टवर नेलं होतं. मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात काम करतोय, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. चांगलं काम केल्याबद्दल आम्हाला एकदा भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, तेही सगळ्यांत मिळून एक. तर ते असो.

"तिकडे हाफ-डे ट्रिप असते," नितीन सांगू लागला. "सकाळी गाडी येते, डोंगरावर नेते, तिथून थेट बीचवर, आणि एक वाजता जेवायला रिसॉर्टवर परत. अर्ध्या दिवसात डोंगर आणि समुद्र दोन्ही! सिस्टीम असते हो तिकडे."

"आमच्याकडेही आहेत की डोंगर नि समुद्र," मी म्हणालो.

"सुरतेत?" नितीन हसला. "तुमच्याकडे काय, फ्लायओव्हरवर चढलं की झाला डोंगर!"

माझी मुलगी प्राजक्ताही हसली. तिचं मला जास्त लागलं. ती जन्मली सुरतेत, वाढली इथल्याच पर्वत पाटिया भागात, बोलते गुजरातीत, आणि हसते पुण्याच्या बाजूने! माझी बायको उषा हसली नाही. पण तिचं लक्ष नव्हतं, ती पिठाचा डबा बघत होती.

मी पाणी प्यायलो आणि जाहीर केलं, "उद्या रविवार. सकाळी सहाला निघायचं. आधी पारनेऱ्याचा डोंगर, मग तिथल गावचा समुद्र, आणि दुपारी एक वाजता याच टेबलावर याच खुर्च्यांवर आपण सगळे जेवायला. नाही बसलो तर तुमचे सगळे फोटो मी पहिल्यापासून पुन्हा बघेन."

"अकराशे आहेत," नितीन म्हणाला.

"बघेन," मी म्हणालो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी उगाच पेटलो असं वाटेल. त्याच आठवड्यात सोमवारी आमच्या कानबाईचं विसर्जन झालं होतं. आम्ही देवरे, मूळचे धुळे जिल्ह्यातले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. वाजतगाजत हा शब्द महत्त्वाचा आहे. उषा देवीचा पाट डोक्यावर घेऊन जिन्याने उतरली, खाली ढोलवाल्याने पहिला ठोका दिला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी भूपेंद्रभाई हातात नियमांची फाइल घेऊन समोर उभे राहिले.

"नियम अगियार, दिलीपभाई. ढोल गेटनी बहार. कमिटी मेंबरना घरनो प्रसंग होय तो ज अंदर. आ तो तमारा लोकोनो प्रसंग छे."

तमारा लोकोनो! सत्तावीस वर्षं मी त्या सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरतोय. ढोल थांबला. उषा देवी डोक्यावर घेऊन आमच्या जिन्यापासून गेटपर्यंत एका शब्दाशिवाय चालत गेली, आणि सगळ्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. ती मला त्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. धुळ्याकडचे नातेवाईक आम्हाला 'सुरतवाले' म्हणतात, सुरतेत आम्ही 'मराठीवाले', आणि आता साडू म्हणतो की मी जिथे राहतो तिथे बघण्यासारखं काहीच नाही. तेव्हा पारनेरा आता चढायचाच होता.

शनिवारी संध्याकाळी तयारी सुरू झाली. मी सोसायटीच्या ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं की तिथलला जायला सकाळी रस्ता मोकळा असतो का. तेवीस उत्तरं आली. एकाने लिहिलं, नवसारीवरून जा. दुसऱ्याने लिहिलं, नवसारीवरून अजिबात जाऊ नका. एका काकांनी सल्ला दिला की पारनेरा आता पूर्वीसारखा राहिला नाही. डोंगर पूर्वीसारखा राहत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे मी विचारलं, तर त्यांनी नमस्काराचं चित्र पाठवलं.

गाडी लखनची ठरली. लखन आठवडाभर सात आसनी गाडीतून शाळेची मुलं नेतो, रविवारी मोकळा असतो. पण बाहेरची गाडी सकाळी सातच्या आत सोसायटीत आणायची तर अर्ज लागतो, नियम सहा. अर्ज! एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवत आलोय. मी विषय, संदर्भ, महोदय सगळं व्यवस्थित लिहून भूपेंद्रभाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला.

"पाछा आववानो टाइम नथी लख्यो."

मी तिथेच उभ्याने लिहिलं, 'दुपारी ठीक एक वाजता.' रागाच्या भरात 'ठीक'च्या खाली रेघही ओढली. अशा रीतीने माझी पैज सोसायटीच्या दप्तरी जमा झाली.

भूपेंद्रभाईंनी सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाले, "पारनेरा? हुं पण आवुं. वीस वर्ष थई गया. नास्तो मारा तरफथी. गरमागरम लोचो लावीश." लोचो म्हणजे सुरतेचा वाफवलेल्या डाळीचा नाश्ता. मी नाही म्हणणार होतो. पण ज्याच्या हातात आपला अर्ज आहे त्याला नाही म्हणता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

घरी आलो तर उषा तव्यासमोर. "उद्या फिरायला जायचंय आणि परवा पौर्णिमा," ती म्हणाली. "रोट कोण संपवणार?"

हे रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे जाड रोट भाजायचे. आमच्याकडे पीठ गुळाच्या पाण्यात मळतात. ते पीठ पौर्णिमेच्या आत संपलंच पाहिजे. आणि खायचं कोणी? फक्त भाऊबंदांनी. एकाच कुळातल्या माणसांनी. सोयरे चालत नाहीत, शेजारी चालत नाहीत, लग्न झालेली स्वतःची लेकही चालत नाही. माझ्या आईने एकदा रोटाचा तुकडा चुकून माझ्या मामाच्या ताटात वाढला, तर आजीने तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलणं टाकलं होतं.

उषाने राहिलेल्या पिठाचे नऊ रोट भाजले आणि पांढऱ्या फडक्यात बांधले. ते गाडीत खायचे ठरले. मदतीला सुकदेवआप्पा. आप्पा माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. कडोदऱ्याला त्यांचे कापड विणायचे सोळा लूम आहेत. समोरचे दोन दात नाहीत, पण भाऊबंद पक्के.

रविवारी सहाला लखन गेटवर हजर झाला. वॉचमनने अर्ज वाचला, गाडी बघितली आणि आडवा बांबू खालीच ठेवला. अर्जात 'प्रवासी गाडी' लिहिलं होतं आणि गाडीवर शाळेचं नाव होतं. शेवटी खुद्द भूपेंद्रभाईंना गेटवर येऊन त्यांच्याच सहीची ओळख पटवावी लागली. त्यांचा डावा हात बांबूला, उजव्या हातात लोच्याचं पार्सल. त्यांनी पार्सल वॉचमनच्या केबिनच्या कडीला अडकवलं, बांबू वर केला, मग खिशातून डायबिटीसची गोळी काढून सगळ्यांसमोर घेतली. "अडधा कलाकमां नास्तो करवो पडे," म्हणजे अर्ध्या तासात नाश्ता हवाच, असं म्हणत ते गाडीत पुढे लखनशेजारी जाऊन बसले. सहा चाळीस झाले होते.

पार्सल कडीलाच राहिलं. हे आम्हाला कडोदऱ्याला कळलं.

कडोदऱ्याला आप्पा आपल्या कारखान्याच्या दारात गंजीफ्रॉकवर उभे. आत सोळा लूम एका दमात धडधडत होते. मी खुणेने घड्याळ दाखवलं. त्यांनी खुणेनेच थांब म्हटलं आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडले, "ताका उतरू दे!"

ताका म्हणजे कापडाचा पूर्ण तुकडा. तो लूमवरून उतरल्याशिवाय आप्पा जागचे हलत नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न लागताना भटजीसुद्धा एका ताक्यासाठी थांबले होते. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो.

"चला, तोवर लोचो काढा," नितीन म्हणाला, आणि भूपेंद्रभाईंचा चेहरा पडला. त्यांनी पायाखाली बघितलं, मग सीटमागे बघितलं. अकरा वर्षं सेक्रेटरी असलेला माणूस, अख्ख्या सोसायटीला 'वस्तू जागेवर ठेवा' अशा पाट्या लावणारा! मी मनातल्या मनात किती खूश झालो हे लिहायला आज लाज वाटते.

आणि आता माझा गुन्हा सांगतो. हायवेवर पहिली नाश्त्याची गाडी आली तेव्हा प्राजक्ता म्हणाली, "पप्पा, थांबायचं ना?" मी म्हणालो, नाही. दुसरं हॉटेल आलं, नितीन म्हणाला, "तिकडे ट्रिपमध्ये वेलकम ड्रिंक तरी असतं." मी म्हणालो, लखन, दाब. तिसऱ्याला कोणी विचारलंच नाही. साडेनऊ वाजत होते आणि मला फक्त एक वाजता घरी पोचायचं दिसत होतं. भूपेंद्रभाई काचेतून समोरचा रस्ता बघत होते. नाश्ता तेच विसरले होते, कोणत्या तोंडाने मागणार?

उषाने रोट काढले का? तर नाही. "तिघं परके असताना आपणच कसं खायचं? वर देवळात देवीपुढे बसून खाऊ," असं म्हणून तिने फडकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

सव्वादहाला पारनेऱ्याच्या पायथ्याशी उतरलो. श्रावणातला हिरवागार डोंगर, वर ढग टेकलेले, पायऱ्या ओल्या. मी नितीनकडे बघितलं. त्याने फोटो काढला. फोटो काढला म्हणजे मान्य केलं, असं मी धरून चाललो.

"किती पायऱ्या?" त्याने विचारलं.

"तिकडे किती होत्या?"

"तिकडे केबल कार होती."

"मग तुम्ही डोंगर चढलाच नाहीत," मी म्हणालो आणि एका दमात तीस पायऱ्या चढलो. एकतिसाव्या पायरीवर निसर्ग बघायला थांबलो. माझ्या वयात निसर्ग वारंवार बघावा लागतो.

निम्म्यावर गेलो असू. मागे वळलो तर भूपेंद्रभाई पायरीवर बसलेले. अंगातून घामाच्या धारा, हात थरथरत होते आणि ओठ पांढरे.

"काय झालं, भूपेंद्रभाई?"

"नियम चौद," ते म्हणाले. "चौद पछी... सात. बांबू खोलो. बांबू कोणे मूक्यो?"

क्षणभर मला हसू आलं. मग त्यांची मान कलली आणि मला हिशोब लागला. गोळी सकाळी साडेसहाला घेतलेली, पोटात काही नाही, आणि तीन ठिकाणी गाडी मी थांबू दिली नव्हती.

"साखर! कोणाकडे काही गोड आहे का?" मी ओरडलो. नितीनने पाठीवरची मोठी सॅक उपडी केली. त्यातून सनस्क्रीन, दोन पॉवरबँक, पाण्यात चालणारा कॅमेरा, सेल्फीची काठी आणि शुगर-फ्री च्युइंगम निघालं. शुगर-फ्री! प्राजक्ता वर मंदिराच्या दिशेने धावत सुटली. लखन खाली गाडीपाशी होता.

उषा पायरीवर बसली होती. मांडीवर पांढरं फडकं. तिने गाठ सोडली.

"उषा!" आप्पा चार पायऱ्या वरून ओरडले. आप्पा घाबरले की त्यांची अहिराणी सुटते. "हाई काय करी ऱ्हायनी तू? रोट भाऊबंदकीना बाहेर जात नही! देवीले काय सांगशी?"

उषाचा हात थांबला. मी तिच्याकडे बघत होतो. सोमवारी गेटपर्यंतची ती चाल मला आठवली, आणि तिलाही आठवली असणार, कारण तिने भूपेंद्रभाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ आवळले. एक श्वास, दोन श्वास. मग तिने रोट मोडला.

"देवीले मी सांगसू," ती म्हणाली. "माणूस पडी गया तर देवी काय रोट मोजत बसी का? आप्पा, पाणी द्या."

तिने पहिला घास स्वतःच्या हाताने भूपेंद्रभाईंच्या तोंडात घातला. दुसरा घातला. गुळाचं पीठ, ते चावत राहिले. पहिला रोट संपला, दुसरा त्यांनी स्वतः हातात धरला, तिसरा मागून घेतला. पंधरा मिनिटांनी त्यांच्या ओठांवर रंग आला. तोवर प्राजक्ता वरून नारळ आणि खडीसाखर घेऊन धापा टाकत आली. ती तिने त्यांच्या हातावर ठेवली आणि शेजारी बसून रडली. मीही जरा डोंगराकडे तोंड केलं.

"उषाबेन," भूपेंद्रभाई म्हणाले, "आ शुं हतुं? बहु सरस."

आप्पांनी सगळं सांगितलं. सव्वा मूठ, पौर्णिमा, कूळ, भाऊबंद, सगळं. सांगताना त्यांचा आवाज असा होता, जणू भूपेंद्रभाईंनी दप्तरातला कागद जाळला असावा. भूपेंद्रभाईंनी मान खाली घालून ऐकलं. हातातला अर्धा रोट तसाच धरून त्यांनी विचारलं, "तो हवे शुं करवुं? भूल थई गई. नियम शुं कहे छे?"

नियम! त्या माणसाला डोंगरात अर्धमेला असतानाही नियमच आठवतो.

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग म्हणाले, "रोट तर भाऊबंदच खातो. तू खाल्ला. म्हणजे तू भाऊबंद. दुसरा रस्ता मले दिसत नही."

"बस," भूपेंद्रभाई म्हणाले आणि उरलेला अर्धा रोट खाऊन टाकला.

आता वाजले होते अकरा. सकाळपासून नितीनच्याही पोटात काही नव्हतं. तो दोन पायऱ्या खाली आला आणि हळूच म्हणाला, "ताई, मलाही एखादा..."

उषाने फडक्याची गाठ मारली. "नितीनराव, तुम्ही सोयरे. सोयऱ्यांना रोट चालत नाही."

"पण त्यांना चालला!"

"ते घरचे झाले ना आता."

नितीनने माझ्याकडे बघितलं. मी निसर्ग बघत होतो. त्याने नारळाचं खोबरं खाल्लं, आणि ते त्याला कॅरिबियनमधल्या कुठल्याही नारळापेक्षा गोड लागलं असणार, कारण त्याने करवंटी खरवडून काढली.

मी म्हणालो, आता खाली उतरू. खरंच म्हणालो, मला एक वाजण्याचं काही राहिलं नव्हतं. पण भूपेंद्रभाई उठून उभे राहिले. "हवे तो उपर जवुं ज पडे," ते म्हणाले. एका बाजूने आप्पा आणि दुसऱ्या बाजूने मी, अशी आमची वरात दर दहा पायऱ्यांना बसत वर पोचली. देवीपुढे उषा डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. आम्ही घरच्या चौघांनी एकेक रोट खाल्ला. आप्पांना दातांमुळे वेळ लागला. फडक्यात दोन उरले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माफी मागितलीस का?"

"माफी कशाची? मी सांगितलं," उषा म्हणाली. "विचारलं नाही."

तिथलला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. वाटेत भूपेंद्रभाईंना पहिल्याच हॉटेलात बसवून डाळभात खाऊ घातला, आणि बिलासाठी ते माझ्याशी भांडले. एक वाजता आम्ही ज्या खुर्च्यांवर बसणार होतो त्या सुरतेत रिकाम्या होत्या. पण मी म्हटलं, समुद्र तर दाखवीनच.

समुद्रावर आडवा दोर बांधलेला आणि दोरामागे एक हवालदार छत्री घेऊन.

"दरियो बंध छे," तो म्हणाला.

"समुद्र बंद कसा असेल?" मी विचारलं.

"हुकम छे. चोमासामां भरती मोटी. कोई अंदर नहीं जाय."

हुकूम बरोबर होता, ते मला दिसत होतं. लाटा दगडांवर आपटून वर उडत होत्या. पण माझ्यासमोर नितीन उभा होता. मी हवालदाराला विचारलं, "नुसता बघायला बंद आहे का?" त्याने थोडा विचार केला. हुकमात बघण्याबद्दल काही नसावं. त्याने आम्हाला भिंतीपाशी उभं राहू दिलं.

"हा तुमचा बीच?" नितीन म्हणाला आणि फोटोसाठी भिंतीकडे पाठ करून काठी उंच धरली. "काळी वाळू, काळं पाणी, आणि वर क्लोज्ड..."

समुद्र बंद असल्याचं समुद्राला कोणी कळवलं नव्हतं. लाट भिंतीवरून आली आणि नितीनला टाळूपासून बुटापर्यंत भिजवून परत गेली. हवालदाराने निमूटपणे छत्री त्याच्या डोक्यावर धरली. प्राजक्ता भिंतीला धरून हसत होती, आणि या वेळी ती कोणाच्या बाजूने हसत होती ते मला बरोबर कळलं.

"काका," ती म्हणाली, "वेलकम ड्रिंक!"

घरी पोचलो पाच वाजता. ओल्या नितीनने घड्याळ पुढे केलं. "एक म्हणाला होतात. हाफ डे! अकराशे फोटो, दिलीपराव."

"थांब रे," आप्पा म्हणाले. "माझ्या कारखान्यात दिवस चोवीस तासांचा चालतो. त्याचा अर्धा बारा. सहाला निघाले, सहाच्या आत परत. यात हरलं कोण?"

हे गणित मलाही थोडं सैल वाटत होतं. पण भूपेंद्रभाईंनी थेट ऑफिस उघडलं, माझा अर्ज काढला आणि 'ठीक एक वाजता'च्या खाली गुजरातीत शेरा मारला, 'मुदत वाढवून देण्यात येते.' वर शिक्का. मुदतवाढ मिळालेल्या अर्जापुढे जगात कोणाचं चालत नाही, नितीनचंही नाही. तरी मी फोटो बघितले. सगळे नाही, दोनशे. पाहुण्याचा मान ठेवावा लागतो.

सोमवारी, पौर्णिमेला, सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात भूपेंद्रभाई, आंघोळ करून, कपाळाला टिळा.

"आज पूनम छे ने? केटला बाकी?"

"दोन," उषा म्हणाली.

"बाकी न रहेवा जोईए," ते म्हणाले आणि पाटावर मांडी घालून बसले. शुगर तपासल्याची चिठ्ठी सोबत आणली होती, ती त्यांनी उषाला दाखवली. तिने एक रोट त्यांना दिला, एक मला. नितीन समोरच्या खुर्चीवर बसून पोहे खात होता. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं, मग पोह्यांकडे.

ही झाली गेल्या श्रावणातली गोष्ट. यंदा कानबाई बसायच्या आदल्या दिवशी आप्पा गहू मोजायला आले. सुकदेवच्या नावाने सव्वा मूठ, दिलीपच्या नावाने सव्वा मूठ. तिसऱ्या मुठीला ते थांबले. जन्मभर आपल्या दुकानात कापड मीटरने मोजलेले भूपेंद्रभाई समोरच बसले होते. त्यांनी आपला मोठा पंजा पुढे केला. "मूठ मारी लो. आप्पानी नानी छे."

सोमवारी उषा देवीचा पाट डोक्यावर घेऊन जिन्याने उतरली. खाली ढोलवाला उभा होता, तोच गेल्या वर्षीचा, आणि ठोका न देता गेटकडे बघत होता. वॉचमन नियमांची फाइल घेऊन पुढे आला. त्याचीही काही चूक नव्हती, पाटी भिंतीवर होतीच.

"साहेब, नियम अगियार," तो म्हणाला. "ढोल गेटनी बहार."

उषा जिन्यापाशी थांबली. सगळ्या गॅलऱ्यांत लोक आले होते.

आमच्यात उभ्या असलेल्या भूपेंद्रभाईंनी पुढे येऊन फाइल हातात घेतली, चष्मा लावला, नियम अकरा सबंध वाचला, मोठ्याने, गॅलऱ्यांना ऐकू जाईल असा. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "कमिटी मेंबरना घरनो प्रसंग होय तो छूट." मग फाइल मिटून वॉचमनच्या हातात दिली.

"मारा घरनो प्रसंग छे," ते म्हणाले आणि ढोलवाल्याकडे वळले. "वगाड, भाई. जोरथी वगाड."